टोपलीवाल्यांना मनाई

ओर्तेन्सियाबाईंच्या घरी त्या दुपारी चहाला बायका जमल्या होत्या. मी समोरच्या घरची स्वयंपाकीण, तरी तिथेच राबत होते. शहराच्या वरच्या अंगाला, सोपोकाचीतल्या बंगल्यांतल्या मालकिणी एकमेकींना चांदीचे चमचे उसने देत, तशाच आम्हालाही देत. ‘उद्या तुमच्या नातिविदादला जरा पाठवा हं,’ एवढं म्हटलं की झालं. मला कुणी विचारत नसे.

त्या घरचं स्वयंपाकघर होतं गुमरसिंदा तार्कीचं. आम्ही सगळ्या तिला गुमा म्हणायचो, आणि ती मला नाती. घरची लेक लिओनोर रांगत होती तेव्हापासून गुमा तिथे. चाकोच्या रखरखीत रानातल्या लढाईत तिच्या नवऱ्याला, इसिद्रोला, गावातून पकडून नेलं होतं. तो परत आला नाही. त्याच्याबरोबरचा एक जण पाय गमावून आला. त्याने सांगितलं, इसिद्रोला गोळी लागलीच नव्हती. पाण्यावाचून मेला. गुमाने हे ऐकलं आणि त्याच संध्याकाळी मालकिणीच्या पाहुण्यांसाठी शेंगदाण्याचं सूप रांधलं. सुट्टी मागितली होती. मिळाली नाही.

तर त्या दुपारी गुमा चीज भरलेल्या गरम एम्पानादांचं ताट घेऊन दिवाणखान्यात फिरत होती आणि मी तिच्यामागून चहाची किटली घेऊन.

“काय सांगू तुम्हाला,” ओर्तेन्सियाबाई म्हणाल्या, “आमच्या लिओनोरचे रेशमी मोजे परवा ट्राममध्ये टर्रकन फाटले. कुणा घागरेवाल्या चोलाची टोपली घासली. परदेशातून आणवलेले मोजे हो!”

“आणि त्यांच्या शालीच्या टाचण्या?” दुसरी म्हणाली. “एकदा दंडात घुसली माझ्या. जीव गेला असता.”

“वास तर विचारूच नका. कांदा, मटण, घाम. सकाळच्या ट्राममध्ये चढवत नाही हो.”

तो कांदा आणि ते मटण कुणाच्या घरी चाललेलं असतं, हे त्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. एक कुणी म्हणाली असती, ‘अगं, आपल्याच तर बाया त्या,’ तरी मी तिचा कप काठोकाठ भरला असता. कुणी म्हणाली नाही.

नगराध्यक्षांची बायको खिडकीपाशी बसली होती. तोंडातला घास गिळून तिने बोटं पुसली. “मी यांच्या कानावर घालते,” ती म्हणाली. “ट्राम काही बाजार नव्हे. टोपल्या घेऊन चढायला बंदीच करायला हवी.” आणि गुमाकडे न बघता तिच्या ताटातली आणखी एक एम्पानादा उचलली.

गुमा ताट धरून तिथेच उभी राहिली. ते मात्र ओर्तेन्सियाबाईंच्या लक्षात आलं असावं. त्या गोड हसल्या. “तुझ्याबद्दल नाही हं, गुमरसिंदा. तू काय, आमच्या घरातलीच.”

स्वयंपाकघरात आल्यावर गुमाने ताट ओट्यावर आदळलं.

“घरातली म्हणे! नाती, मला कधी त्या खुर्चीवर बसलेलं बघितलंस का?”

“सोड गं. बडबडतात आणि विसरतात त्या.”

“मोज्यांचं विसरत नाहीत,” ती म्हणाली.

खरंच विसरल्या नाहीत. जुलै संपायच्या आत हुकूम निघाला. आम्हाला कुणी तो वाचून दाखवला नाही. आम्हाला तो कळला ट्रामच्या पायरीवर.

सकाळी बाजार करून गुमा आणि मी नेहमीच्या थांब्यावर उभ्या होतो. बाजार खाली, सोपोकाची वर. मधली चढण अशी, की रिकाम्या हातांनी चढलं तरी छाती भरून येते. आमच्या दोन्ही हातांत टोपल्या, पाठीवर आग्वायोचं विणलेलं फडकं बांधलेलं आणि त्यात चुन्योचे वाळके बटाटे नि हिरव्या शेंगा. ट्राम आली. कंडक्टर फिदेल हा गुमाच्याच गावचा, तिच्या आत्याच्या नात्यातला. तो दारात आडवा उभा राहिला.

“ताई, चढू नकोस,” तो आपल्या बोलीत, हळूच म्हणाला.

“का रे? जागा तर आहे.”

“वरून हुकूम आलाय. टोपलीवाल्यांना मनाई.”

“बरं. नाती, माझ्या टोपल्या सांभाळ. मी रिकामी चढते, घरी सांगून परत येते.”

फिदेल जमिनीकडे बघायला लागला. “तसंही नाही चालणार, ताई. घागरा, शाल, टोपी असली की चढवायचं नाही, असं सायबांनी तोंडी सांगितलंय.”

आत पहिल्याच बाकावर एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर केसाळ पांढरं कुत्रं, जीभ बाहेर काढून आमच्याकडे बघत होतं. गुमाने त्या कुत्र्याकडे बघितलं, मग फिदेलकडे.

“त्याला घेतलंस?”

“ताई, पोटावर पाय नको आणूस माझ्या.”

“तुझ्या पोटावर मी पाय देत नाही, फिदेल. बाजूला हो.” आणि ती चढली. सरळ आत गेली, दोन्ही टोपल्या पायांत घेतल्या, पितळेची दांडी धरून उभी राहिली. मी खालीच. खरं सांगते, माझे पाय उचललेच नाहीत.

ट्रामभर कलकलाट उठला. कुणी म्हणालं, “उतरवा तिला.” कुणी म्हणालं, “कामाला उशीर होतोय.” कोपऱ्यावरचा शिपाई आला. त्याने गुमाशी एक शब्द बोलायचेही कष्ट घेतले नाहीत. आधी टोपल्या उचलून बाहेर भिरकावल्या. अंडी फुटली, मटणाचा तुकडा धुळीत पडला, कांदे आणि लाल मिरच्या उतारावरून गडगडत गेल्या. मग त्याने दांडीवरची तिची बोटं एकेक करून सोडवायला सुरुवात केली.

“माझा नवरा याच शहरातनं आगगाडीत कोंबून नेलात!” गुमा ओरडत होती. “तेव्हा नाही कुणी म्हणालं, याच्या अंगाला वास येतो म्हणून! तेव्हा नाही कुणाचे मोजे फाटले!”

शेवटचं बोट सुटलं. त्याच क्षणी ट्रामने हिसका दिला आणि गुमा दगडी रस्त्यावर हातावर पडली. ट्राम निघून गेली. ते कुत्रं खिडकीतून भुंकत होतं.

मी कांदे गोळा केले. मटण धुतलं असतं तर चाललं असतं, पण गुमा म्हणाली, “राहू दे. ते कुत्र्यांना खाऊ दे, त्यांचंच राज्य आहे.” तिचं मनगट बघताबघता सुजलं. उरलेलं सामान मी माझ्या पाठीवर घेतलं आणि आम्ही चढण चढू लागलो. वारा तोंडावर धूळ मारत होता. वाटेत आमच्या शेजारून आणखी एक ट्राम वर गेली, अर्धी रिकामी.

ओर्तेन्सियाबाई दारातच उभ्या होत्या. सुजलेला हात त्यांना दिसला नसेल असं मला वाटत नाही.

“ही काय यायची वेळ? जेवायला माणसं यायचीत माझ्याकडे!”

“ट्राममधून ढकलून दिलं मला, बाईसाहेब.”

“मग ट्रामने कशाला यायचं? उजाडायच्या आत निघायचं, पायी. तुम्हा लोकांना चालायची सवय असते.”

गुमा तिथेच, दारात उभी राहिली. “बाईसाहेब, हे तुम्हीच केलंत. त्या दिवशी, चहाला.”

“मी तुझ्याबद्दल बोलत नव्हते, म्हटलं ना तेव्हाच!”

“मग कुणाबद्दल बोलत होता?”

 बाईंनी लिओनोरला हाक मारली आणि आत निघून गेल्या. गुमाने एका हाताने स्वयंपाक केला. पाहुण्यांनी वाखाणून खाल्लं म्हणे.

रविवारी दुपारी आमची सुट्टी असायची. फुलवाल्या बायकांच्या अंगणात आम्ही जमलो. मला वाटलं होतं, मूठभर येतील. अंगण भरलं, तेव्हा भिंतीवर बसल्या, भिंत भरली तेव्हा गल्लीत उभ्या राहिल्या. प्रत्येकीकडे सांगायला काहीतरी होतं. एकीला गरोदर असताना उतरवलेलं. एकीच्या टोपीवर कुणी थुंकलेलं. एकीची मालकीण म्हणाली होती, आता ट्राम कशी स्वच्छ वाटते नाही?

कासिमिरा म्हणून एक म्हातारी होती, एका न्यायाधीशाच्या घरी आयुष्य काढलेली. ती सारखी हात हलवत होती. “पोरींनो, गप्प बसा. चाललं तर काय झिजतो का आपण? आमच्या आया गाढवासारख्या चालल्या. उद्या कामावरनं काढलं तर खाल काय?”

“कासिमिराबाई,” गुमा म्हणाली, “तुमच्या आईला चालताना बरं वाटायचं?”

म्हातारीने हलता हात मांडीवर ठेवला. मग म्हणाली, “नाही गं. रात्रभर पाय चेपायचे मी तिचे.”

“मग?”

ठरलं, की आधी पालिकेत जाऊन नीट बोलायचं. गुमा, मी, कासिमिरा आणि फुलवाल्यांची एक बाई, अशा चौघी गेलो. शाली धुतलेल्या, वेण्या घट्ट, टोप्या ब्रशने झाडलेल्या. दारवानाने मागच्या दाराने यायला सांगितलं. जिन्याखाली बसवून ठेवलं. आमच्यानंतर आलेले कोटवाले आत जाऊन बाहेरही आले. शेवटी एक चिटणीस आला, तरुण, केसांना चोपडून तेल लावलेला. त्याने उभ्याउभ्याच ऐकलं. ऐकताना हसत होता.

“हे बघा बायांनो, यात इतकं चिडायचं काय? उपाय तुमच्याच हातात आहे. हे घागरे सोडा. साधा फ्रॉक घाला, बूट घाला, ही टोपी फेका, वेण्या कापा. माणसांसारख्या या, मग कोण अडवतंय तुम्हाला?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलली कासिमिरा. घाबरट म्हणून जिला आम्ही चिडवत होतो ती.

“साहेब,” ती म्हणाली, “आत्ता तुम्ही कोणाशी बोलताय? बकऱ्यांशी?”

त्याचं हसू गेलं. त्याने दारवानाला हाक मारली.

बाहेर आल्यावर गुमा पायरीवर बसली. सुजलेल्या मनगटावरचं फडकं आवळून बांधलं. मग म्हणाली, “सहा ऑगस्टला काय आहे?”

“स्वातंत्र्यदिन,” मी म्हटलं. “माझ्या मालकिणीकडे मोठं जेवण आहे.”

“माझ्याकडेही. कर्नल येणार आहे, नकाशे बघून लढाई केलेला. सगळ्यांकडेच आहे गं. त्या दिवशी कुणीच चूल पेटवायची नाही.”

निरोप बाजारातून फिरला. आमच्यासारख्यांना निरोप पोचवायला वेगळं काही लागत नाही, कोथिंबीर निवडतानाही होतं ते. मालकिणींना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही, कारण आम्ही बोलत असताना आमच्याकडे लक्ष द्यायची त्यांना सवयच नव्हती.

सहा तारखेला सकाळी झेंडे लागले, बँड वाजू लागले. मी माझ्या मालकिणीच्या घरात उठले, वेण्या घातल्या, चांगली शाल घेतली आणि सोललेल्या कोंबड्या तशाच परातीत सोडून मागच्या दाराने बाहेर पडले.  वाटलं, मी एकटीच असेन. कोपऱ्यावर वळले तर समोरच्या गल्लीतून तिघी येत होत्या, हातात रिकाम्या टोपल्या. त्यांच्यामागे आणखी. सगळी सोपोकाची वरून खाली वाहत होती.

प्रादोच्या रस्त्यावरून ट्राम जिथे वर चढायला वळते, तिथे गुमा रुळांवर जाऊन बसली. एवढं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आधी आम्ही नुसत्या बघत राहिलो. मग कासिमिरा कण्हत, गुडघ्यावर हात टेकत तिच्या शेजारी बसली. मग काय, सगळ्याच बसलो. आमचे घागरे पसरले की रस्ता भरतो. फुलवाल्या आल्या, मटणबाजारातल्या बाया आल्या. पहिली ट्राम येऊन थांबली, तिच्यामागे दुसरी, मग रांगच लागली. संचलन बघायला निघालेले साहेब आणि मडमा आत अडकले.

पहिल्या ट्राममधून लिओनोर उतरली. वीस वर्षांची नसेल, पांढरा पोशाख, छातीवर झेंड्याच्या रंगांची फीत. ती गुमापाशी आली.

“गुमाबाई, ऊठ ना. सगळे बघतायत.”

“बघू देत, बाळा.”

“मी आईला फक्त मोजे फाटले एवढंच सांगितलं होतं. मला काय माहीत, ती…”

“मला दिले असतेस तर मीच शिवले नसते का? आधीचे कोण शिवत होतं?”

लिओनोर रडायला लागली. मला तिची दया आली नाही. गुमाला आली असावी, कारण तिने चांगल्या हाताने तिच्या पोशाखाला लागलेली धूळ झटकली. “जा, बाजूला उभी राहा. आता हे शिपाई यायचेत. तुला लागेल.”

शिपाई आले. त्यांनी आधी दम दिला, मग शालींना धरून ओढायला सुरुवात केली, मग काठ्या. माझ्या पाठीवर बसली ती अजून थंडीत ठणकते. एका शिपायाने कासिमिराची टोपी उडवली. म्हातारी उठली. टोपी उचलली, धूळ झटकली, डोक्यावर नीट ठेवली आणि त्याच्या थोबाडीत मारली. असा आवाज झाला, की पलीकडचा बँड थांबल्यासारखं वाटलं.

“तुझ्या आईनं असंच मारायला हवं होतं तुला!” ती म्हणाली. “तीही असाच घागरा नेसते, मला माहीत आहे. तुझं नाक सांगतंय.”

तो पोरगा गाल धरून उभा राहिला. काठी खाली. ट्रामच्या खिडक्यांतून कुणीतरी हसलं, आणि तो लाजेने लालबुंद झाला. तेवढ्यात फिदेल ट्राममधून उतरला, त्याने कंडक्टरची टोपी काढून पायरीवर ठेवली आणि रुळांच्या कडेला येऊन बसला. आमच्यात नाही बसला, जरा लांब. पण बसला. मग दुसऱ्या ट्रामचाही चालक उतरला.

आम्ही ऊन उतरेपर्यंत हललो नाही. सोपोकाचीत त्या दिवशी काय झालं ते नंतर कळलं. कर्नलला पाव आणि डब्यातले मासे मिळाले. माझ्या मालकिणीने स्वतः चूल पेटवायचा प्रयत्न केला आणि पडदा पेटवला. कुठल्याशा मंत्र्याच्या घरचे पाहुणे उपाशीच राष्ट्रगीत म्हणून परत गेले. ऐकून आम्ही पोट धरधरून हसलो, पण तेव्हा रुळांवर हसू येत नव्हतं. आमच्याकडे ऑगस्टात कडाका असतो, थंडी हाडांत शिरली होती.

शेवटी तो तेलकट चिटणीसच आला. लांबूनच म्हणाला, “घरी जा. विचार होईल.”

“विचार नको,” गुमा म्हणाली. “सांगून जा. आम्ही चढायचं की नाही?”

त्याने मागे बघितलं, ट्रामच्या रांगेकडे, अडकलेल्या मोटारींकडे. “चढा,” तो म्हणाला.

“मोठ्यानं.”

“चढा!” तो ओरडला.

ओर्तेन्सियाबाई दुसऱ्याच दिवशी गुमाला शोधत आल्या. गुमा त्या रात्री त्यांच्याकडे परतलीच नव्हती. टेकडीवरच्या माझ्या मावशीकडे होती, माझ्याबरोबर. बाईंना तिथवर चढून यावं लागलं. दारात आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. मी त्यांना बाक पुसून दिला. त्या बसल्या नाहीत.

“गुमरसिंदा, झालं ते झालं. मी तुला माफ केलंय. चल.”

“माफ?” गुमा मावशीच्या चुलीवर मक्याची गोड आपी ढवळत होती. मागे वळली नाही. “कशाबद्दल?”

“हे बघ, हट्ट करू नकोस. लिओनोर जेवत नाहीये.”

“तिला म्हणावं, ये भेटायला. आपी देईन तिला गरम. तुमच्याकडे मी यायची नाही.”

“इतकी वर्षं तुला घरातल्यासारखं वागवलं…”

आता गुमा वळली. “इसिद्रो मेल्याचं कळलं त्या दिवशी तुम्ही मला सुट्टी दिली नाहीत. घरातलं माणूस मेल्यावर तुमच्याकडे असंच करतात का?”

बाई वळल्या आणि निघाल्या. उतरताना त्यांचा पाय घसरला, तेव्हा मी हात धरला. त्यांनी आभारही मानले नाहीत.

दोन-चार दिवसांत वर्तमानपत्रात छापून आलं. फिदेलने फुलवाल्यांच्या अंगणात ते वाचून दाखवलं. ‘नगराध्यक्षांनी आपल्या औदार्यास अनुसरून, गरीब सेवकवर्गाच्या हालअपेष्टांचा कनवाळूपणे विचार करून, सदर मनाई मागे घेण्याचे ठरवले आहे.’ रुळांवर बसलेल्या बायांचा एक शब्द नव्हता. काठ्यांचा नव्हता. कासिमिराने ऐकलं आणि म्हणाली, “पुन्हा वाच. मला ऐकू कमी येतं, का ते खोटं बोलतायत?”

“खोटं बोलतायत, आजी.”

त्याच दिवशी आम्ही स्वयंपाकिणींची संघटना काढली. नाव ठेवलं, म्होरकी म्हणून गुमाला निवडलं, आणि सगळ्या मिळून त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. ट्रामने गेलो. फिदेलने सगळ्यांना चढवलं, आणि आतले लोक घागरे लागू नयेत म्हणून आक्रसून बसले, तेही आम्ही बघितलं. संपादक म्हणाला, बसायला खुर्च्या नाहीत. आम्ही जमिनीवर बसलो. तो म्हणाला, जागा नाही छापायला. आम्ही म्हटलं, आम्हाला घाई नाही. त्याची चहाची वेळ झाली, जेवायची वेळ झाली, आम्ही तिथेच.

दुसऱ्या दिवशी आलं छापून. साबणाच्या जाहिरातीखाली, दोन ओळी. आमच्या संघटनेचं नाव होतं, आणि म्होरकीचं ‘गुमेसिंदा तार्को’ असं केलेलं.

फिदेलने घाबरतच वाचलं. सगळ्यांनी गुमाकडे बघितलं. तिने शाल सारखी केली, मनगटाला बांधलेलं फडकं दातांनी आवळलं.

“नाव चुकवलंय,” ती म्हणाली. “उद्या परत जायचं.”